परमुलखीचा खेळिया

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांमध्ये एक अगदी छोटा ब्राह्मी लेख आहे. इरिल नावाच्या कुणा यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिली, एवढाच त्याचा मजकूर. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने माल वर चढत असे आणि मालाबरोबर परमुलखीची माणसेही आमच्या गावापर्यंत येत. त्यांतलाच हा एक. तो व्यापारी होता की शिपाई, त्याने येथे किती मिळवले, अखेरीस तो आपल्या मुलखात मेला की आमच्या, यांपैकी काहीही त्या लेखात नाही. दोन टाकी तेवढी आहेत.

शाळेची मुले घेऊन मी दरवर्षी डोंगरावर जातो. ह्या लेखाची गोष्ट सांगितली की एखादे पोर हमखास विचारते, "गुरुजी, बाहेरच्या माणसानं आपल्यासाठी पाणी कशाला ठेवलं?" पुष्कळ वर्षे मी 'पुण्यासाठी' असे पुस्तकी उत्तर देऊन मोकळा होत असे. अलीकडे ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटू लागले आहे. त्याला दोघे कारण झाले. एक खडकीचा हॉकीपटू धनराज पिल्ले, आणि दुसरा माझा एक जुना विद्यार्थी.

विद्यार्थ्याची हकीकत आधी सांगतो, कारण तीत माझा दोष आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या धरणापलीकडे भीमाशंकराच्या बाजूला जी वाड्यावस्त्यांची रांग लागते, तिकडचा तो पोरगा. नववीत आमच्या शाळेत आला. अंगाने किरकोळ, बोलायला मुखदुर्बळ. पण पायात चेंडू आला की तो पोरगा वेगळाच कोणी तरी होई. फाटक्या फुटबॉलात चिंध्या कोंबून तो अनवाणी खेळे आणि तीन-तीन पोरांना हुलकावण्या देत पुढे निघून जाई. जिल्ह्याच्या सामन्यांत त्याला कोणी तरी पाहिले आणि मुंबईला चाचणीसाठी पाठवा असा निरोप आला. बाप माझ्याकडे आला. ओसरीवर बसून त्याने एकच प्रश्न केला, "गुरुजी, ह्या चेंडूनं प्वाट भरंल का त्याचं?"

मी क्षणाचाही विचार न करता नाही म्हणून सांगितले. आमच्या तालुक्यांतला शहाणा माणूस मुलाला मुंबईला पाठवतो ते खेळायला नव्हे, बाजारात हमाली करायला, हे मला ठाऊक होते आणि शहाणपण तेवढेच असते अशी माझी समजूत होती. पोरगा वाशीच्या बाजारात गोणी उचलायला गेला.

बापाचा तो प्रश्न मात्र माझ्या ओसरीवरच राहिला. खेळाने पोट भरते का? हा प्रश्न काही आंबेगावच्या डोंगरातच जन्मलेला नाही. आपल्याकडच्या खेळाचा इतिहास लिहायला बसावे, तर तो पानोपानी भेटतो. १९३६ साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम बोटीने विलायतेला गेला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबात उभा राहिला. त्याला बूट घालून खेळता येत नसे, म्हणून त्याच्या पायांना पट्ट्या बांधून त्याला मैदानावर उतरवले. दोन सामन्यांत त्याने स्कॉटिश प्रेक्षकांना वेड लावले. क्लब त्याला ठेवून घ्यायला तयार होता. पण सलीमला घराची ओढ लागली आणि तो परत आला. परमुलखी जाऊन खेळावर जगता येते, हे त्याने दाखवले. पण त्या दाराने पाठोपाठ जाणारा पुढे बराच काळ कोणी निघाला नाही.

खडकी म्हटले की इतिहास शिकवणाऱ्याला १८१७ ची लढाई आठवते. पेशवाईचा तेथे निकाल लागला आणि पुढे इंग्रजांनी तेथे छावणी वसवली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. छावणी आली तशी हॉकीही आली. साहेब गेला, पण त्याची वाकडी काठी मागे राहिली आणि ती कामगारांच्या पोरांनी उचलली. कारखान्याच्या वसाहतीत नागलिंगम पिल्ले नावाचा एक तमिळ गृहस्थ मैदानाची निगा राखण्याचे काम करी. त्याला व आंडाळम्माला १६ जुलै १९६८ रोजी चौथा मुलगा झाला. घरात धन नव्हते. मुलाचे नाव मात्र धनराज ठेवले. वयाने तो माझ्याहून मोठा आहे, पण मैदानावरच्या माणसाला आपल्याकडे अहोजाहो करीत नाहीत, तेव्हा मीही एकेरीच लिहितो.

भाऊ पाच आणि काठ्या मोडक्या. मोठ्यांनी टाकून दिलेल्या काठ्या आणि चेंडू घेऊन ही पोरे कारखान्याच्या मैदानावर चिखलात खेळत. बनारसचा मोहम्मद शाहिद हे धनराजचे दैवत. त्याच्यासारखा चेंडू काठीला चिकटवून पळायचे, एवढाच ध्यास. मुले खेळत असताना पोटाची चिंता आई वाहत होती आणि तरीही खेळा म्हणत होती. पुढे २००७ साली संदीप मिश्र यांनी त्याचे चरित्र लिहिले, त्याचे नावच 'फरगिव्ह मी अम्मा' असे आहे.

आता ह्या मुलाने काठी हाती धरली तो काळ कसा होता, हे पाहिले पाहिजे. १९७५ साली भारताने विश्वचषक जिंकला. दुसऱ्याच वर्षी माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. खरे गवत, ओली माती, उसळता चेंडू यांवर पोसलेली आपली सारी कला त्या सपाट हिरव्या गालिच्यावर घसरली. १९८० साली मॉस्कोत सुवर्णपदक मिळाले. त्यानंतरचे ऑलिंपिक पदक उजाडायला २०२१ साल यावे लागले. मधली ४१ वर्षे दुष्काळाची. धनराजची सारी कारकीर्द, १९८९ पासून २००४ पर्यंत, ह्या दुष्काळाच्या ऐन मध्यावर पडते. ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज त्या माणसाचा तडफडाट कळायचा नाही.

खडकीहून तो मुंबईला गेला. मोठा भाऊ रमेश तेथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून खेळत होता. तो भारताकडूनही खेळला. त्या काळी हॉकीपटूचे पोट भरे ते असे, कारखान्याच्या नाहीतर कंपनीच्या हजेरीपटावर. सकाळी सराव, दुपारी टेबल, संध्याकाळी सामना. धनराज महिंद्र अँड महिंद्रच्या संघात आला. तेथे ऑलिंपिक खेळलेल्या जोकिम कार्व्हालोंच्या हाताखाली त्याच्या खेळाला वळण लागले. १९८९ साली दिल्लीच्या आशिया चषकात तो भारताकडून उतरला.

आणि मग तो बाहेरही गेला. त्याच्या क्लबांची यादी वाचताना भूगोलाचा तास घेत असल्यासारखे वाटते. लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधील लिऑं, जर्मनीतील श्टुटगार्ट किकर्स, मलेशियातील बी. एस. एन. आणि टेलिकॉम, ढाक्याचा आबाहनी, हाँगकाँगचा खालसा. ज्या पोराला खडकीत धड काठी मिळत नव्हती, त्याला सहा मुलुखांतल्या क्लबांनी पैसे मोजून बोलावले. आपल्याकडे काही मंडळींनी ह्यावर नाक मुरडले असेल. देशाचा खेळाडू परक्यांच्या अंगरख्यात कसा, असा एक भाबडा प्रश्न आपल्याला नेहमी पडतो. पण जुन्नर-आंबेगावच्या माणसाने तरी तो विचारू नये. आमच्याकडे पावसाळा संपला की निम्मे गाव मुंबईच्या वाटेला लागते. पोटामागे गेलेल्याला आम्ही गाव सोडून गेला असे म्हणत नाही, कामाला गेला असे म्हणतो.

बाहेरच्या ह्या क्लबांची रीत समजून घेण्यासारखी आहे. युरोपातला हॉकी क्लब कुणा कंपनीचा किंवा सरकारी खात्याचा नसतो. तो सभासदांचा असतो. वर्गणी भरणाऱ्यांचे मैदान, त्यांचाच चहापाण्याचा ओटा. सकाळी आठ वर्षांची मुले, मग बारा वर्षांची, मग मुली, मग पहिला संघ आणि शेवटी पोट सुटलेले बापेलोक, अशी त्या एकाच मैदानावर दिवसभर पाळी लागलेली असते. पैसे देऊन आणलेल्या पाहुण्या खेळाडूने आपला सामना खेळावा आणि आठवड्यातून काही वेळ पोरांनाही शिकवावे, अशी अशा क्लबांत बहुधा अपेक्षा असते. म्हणजे खेळाडू आणि शिक्षक ह्या दोन वेगळ्या जाती तेथे नाहीत. खेळ थांबल्यावर मास्तरकी सुरू होते असे नव्हे. ती खेळाबरोबरच सुरू झालेली असते. आपण खेळाडूकडून पदक मागतो. तो क्लब पदकाबरोबर पुढची पिढीही मागून घेतो.

देशात मात्र त्याच्या वाट्याला काय आले? १९९४ च्या सिडनीतील विश्वचषकानंतर जो जागतिक संघ निवडला गेला, त्यात भारताचा तो एकटाच होता. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकला आशियाई खेळांत तो कर्णधार होता. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली, पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला, आशिष बल्लाळने गोल अडवले आणि ३२ वर्षांनी भारताला ते सुवर्णपदक मिळाले. मी तेव्हा कोवळ्या वयाचा होतो. आमच्या आळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात ही गर्दी, आणि चपलांचा ढीग उंबऱ्यापर्यंत. पदक घेऊन ही मंडळी परतली आणि त्यानंतर धनराजसह अर्धा डझन जुनेजाणते खेळाडू संघातून वगळले गेले. विश्रांती दिली, असे कारण सांगण्यात आले. खेळाडूंच्या मानधनासाठी तोंड उघडल्याचे ते फळ होते, असे सगळीकडे बोलले गेले. देशासाठी सोने जिंकूनही पोटाचा प्रश्न विचारणे हा अपराधच ठरला. माझ्या ओसरीवर बसलेला तो बाप आणि हा कर्णधार, दोघांचा प्रश्न एकच होता.

तो संघात परत आला. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये पोलंडला हरवले की उपांत्य फेरी, असा हिशेब होता. भारत एका गोलाने पुढे होता. शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी केली. धनराज तेव्हा लहान मुलासारखा रडला. ते पाहून आमच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला, "एवढा बाप्या माणूस खेळापायी रडतो काय!" मला वाटते, दुष्काळात पेरणी करून उगवण पाहिलेल्या आणि ती डोळ्यांदेखत करपताना पाहिलेल्या माणसाने तरी असे म्हणायला नको होते.

२००२ साली कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा त्याचे वय ३४ होते. २००३ साली क्वालालंपूरला त्याच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक जिंकला. पुढच्या वर्षी अथेन्सचे ऑलिंपिक, त्याचे चौथे. मौज अशी की, भारताने ह्या वेळी प्रथमच परदेशी प्रशिक्षक आणला होता आणि तो होता जर्मन, गेरहार्ड राख. ज्या जर्मनीतल्या क्लबाने धनराजला खेळायला बोलावले, त्याच जर्मनीतून आलेल्या गुरूने त्याला बराच वेळ बाकावर बसवून ठेवले. शेवटच्या सामन्यात अगदी अखेरच्या घटकेला त्याला आत पाठवले, एवढ्यावर पंधरा वर्षांचा हिशेब मिटला. प्रशिक्षकाचे गणित कदाचित बरोबरही असेल. वय कुणाला चुकले आहे? पण अशा वेळी बाकावर बसलेला माणूस काय शिकतो, ते पुस्तकात लिहिलेले नसते.

चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई खेळ. सामने ३३९. आणि गोल? येथे इतिहासाच्या शिक्षकाने मान खाली घालावी. कोणी १७० च्या आसपास म्हणतात. पण खात्रीचा आकडा नाही, कारण ज्यांनी ती नोंद ठेवायची त्या महासंघाने ती ठेवलीच नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा यवनाची दोन टाकी मोजून खडकावर कोरून ठेवणारा आमचा मुलूख, आणि डोळ्यांसमोर झालेले गोल मोजायला आम्हांला वही मिळाली नाही.

खेळ थांबल्यावर धनराज शिकवण्याकडे वळला. २००५ साली प्रीमियर हॉकी लीगमध्ये मराठा वॉरियर्सचा नायक म्हणून तो तरुण पोरांच्या बरोबरीने धावला, ते अर्धे खेळणे आणि अर्धे शिकवणेच होते. २००८ साली भारत ऑलिंपिकला पात्रच ठरला नाही. आठ दशकांत असे प्रथमच घडले, आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते कार्व्हालो, धनराजला मुंबईत वळण लावणारेच. मग जुना महासंघ बाजूला सारून जी तात्पुरती समिती नेमली गेली, तीत पूर्वीच्या नामवंत खेळाडूंबरोबर धनराजही होता. पण समितीच्या खुर्चीपेक्षा मला त्याची दुसरी एक धडपड मोलाची वाटते. मुंबईत मुलांसाठी अकादमी काढायची होती आणि पैसे नव्हते. तेव्हा छपाईयंत्रांतली शाईची रिकामी नळकांडी देशभरातून गोळा करून निधी उभा करण्याची मोहीम त्यासाठी हाती घेतली गेली. मोडक्या काठ्यांवर शिकलेल्या माणसाला दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंची किंमत कळते, हे उगाच नव्हे. पुढे गुजरातच्या क्रीडा प्राधिकरणाच्या हॉकी अकादमीची धुरा त्याने वाहिली. खडकीचा माणूस हॉकी शिकवायला गुजरातेत गेला. म्हणजे पुन्हा परमुलूखच.

ह्या ठिकाणी मला इरिल आठवतो. डोंगरात टाके खोदतात ते पावसाळ्यासाठी नव्हे. पावसात पाणी कुठेही मिळते. टाके असते वैशाखासाठी, आणि खोदणारा ते पाणी स्वतः पीत नाही. प्रशिक्षकाचे तसेच आहे. आपल्या उमेदीतला पाऊस तो साठवून ठेवतो. त्याची गरज लागते त्याच्या मागून येणाऱ्यांना.

५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकिओत भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्यपदक मिळवले आणि दुष्काळ सरला. २०२४ साली पॅरिसला तेच पदक पुन्हा आले. टोकिओच्या त्या चमूतली नावे मी मुद्दाम फळ्यावर लिहिली आणि मुलांना प्रत्येकाचे राज्य शोधायला लावले. पंजाब, हरयाणा, ओडिशा, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, मणिपूर, केरळ. महाराष्ट्राच्या रकान्यात काही आले नाही. ज्या खडकीने आणि मुंबईने पिढ्यान् पिढ्या हॉकीपटू दिले, त्यांच्या राज्याचा रकाना कोरा. पंजाबातल्या गावांत आणि ओडिशाच्या सुंदरगडात कोणी ना कोणी टाकी खोदत राहिले होते. आम्ही पदकांच्या मिरवणुका काढल्या आणि खोदणारा परगावी गेला.

फळा पुसताना मला तो भीमाशंकराकडचा पोरगा आठवला. त्याच सुट्टीत चौकशी करीत मी त्याच्या वस्तीवर गेलो. बाजारात काही वर्षे गोणी उचलून तो आता पिकअप चालवतो. मंचरहून रात्री भाजी भरून पहाटे वाशी. रविवारी घरी असतो. भात कापून झाले होते आणि खाचरे कोरडी पडली होती. एका खाचरात बांबूचे दोन खांब रोवून वीसेक पोरे फुटबॉल खेळत होती, त्यांत पाच-सहा मुली. मधोमध हा उभा, पायांत रबरी चप्पल, तोंडात शिट्टी. मला पाहून धावत आला आणि वाकून पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मी म्हटले, "त्या दिवशी मी तुझ्या बापाला चुकीचं सांगितलं."

तो हसला. "न्हाई गुरुजी. प्वाट काय त्याच्यानं भरलं नसतं, ते खरंच व्हतं." मग जरा थांबून पोरांकडे बघत म्हणाला, "पर जाऊन बघायचं ऱ्हायलं."

ह्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. पोट भरते की नाही ह्याचे उत्तर धनराजलाही सहा मुलूख फिरून शोधावे लागले. पण ते शोधायला जाण्याचा हक्क त्याच्या अम्माने मोडक्या काठीनिशी त्याला दिला होता. मी माझ्या विद्यार्थ्याला तेवढाही दिला नाही. आणि मी न दिलेले तो आता ह्या वीस पोरांना दर रविवारी देत होता.

संध्याकाळपर्यंत मी बांधावर बसून होतो. कोणी गोल केला की पोरे ओरडत आणि लगेच विसरून जात. शेवटी न राहवून मी पिशवीतली शाळेची वही काढली, पान आखले, तारीख घातली आणि एकेकाला बोलावून नाव विचारले. त्या दिवशी एकूण अकरा गोल झाले. सहा एकट्या एका मुलीचे होते.

ती वही मी अजून चालवतो. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन लेणी पाहायला जायचे आहे, तेव्हा ह्या वस्तीवरची पोरेही बरोबर न्यायची, असे त्याच्याशी ठरले आहे. त्याने पिकअप द्यायचे कबूल केले आहे.